पांढऱ्या गुलाबाचें आलेखन : एक दुरुस्ती

सुमारें बारा वर्षांपूर्वीं एका जुन्या घराण्याच्या संग्रहांतील चित्रांची यादी करण्याचें काम प्रस्तुत लेखकाकडे आलें होतें. त्या यादींत एका सरदाराच्या उभ्या चित्राचें वर्णन करितांना ‘उजव्या हातांत कृष्णवर्ण पुष्प’ असे शब्द मीं लिहिले; आणि एवढ्यावर न थांबतां, हें पुष्प कुळांतील कोणा मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ असावें असा तर्कही टीप म्हणून खालीं जोडून दिला. ‘अर्थ लावण्यापूर्वीं पाठ शुद्ध आहे कीं नाहीं तें पाहा’ असें आयुष्यभर मुलांना शिकविणाऱ्या माणसाच्या हातून हें घडलें. पाठ अशुद्ध होता. तें फूल काळें नव्हतें. तो पांढरा गुलाब होता, आणि काळानें त्यास काळें केलें होतें.

चूक कागदावरच राहिली असती तर तिची दुरुस्ती चार ओळींत उरकतां आली असती. परंतु यादी वाचून घरांतील वडील मंडळींस वाईट वाटलें. पूर्वजाच्या हातांत सुतकाचें फूल असावें हें त्यांना रुचलें नाहीं. त्यांनीं गांवांतील एका रंगाऱ्यास बोलावून त्या फुलावर गडद तांबड्या रंगाचा हात देवविला. मला हें कळलें तेव्हां तीन वर्षें लोटलीं होतीं. रंगाऱ्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं, घराण्यास तर नाहींच. दोन शब्द माझे होते, आणि त्यांच्या आधारानेंच तें काम झालें. म्हणून ती चूक कशी झाली, व पांढरें फूल जलरंगांत कसें काढितात याचें ज्ञान असतें तर ती कशी टळली असती, हें येथें सविस्तर मांडितों. विषय चित्रकलेचा दिसला तरी त्याचें प्रयोजन इतिहासाचें आहे.

चूक लक्षांत आली ती योगायोगानें. सेवानिवृत्तीनंतर हाताला कांहीं उद्योग असावा म्हणून शेजारच्या एका चित्रकला-शिक्षिकेकडे मी वनस्पतिचित्रणाचे धडे घेऊं लागलों. वनस्पतिशास्त्रज्ञांस उपयोगी पडावें अशा रीतीनें, पार्श्वभूमि न घालतां, कोऱ्या कागदावर एकच डहाळी देठापासून केसरापर्यंत यथातथ्य उतरविण्याची ही पद्धति. पहिल्याच महिन्यांत बाईंनीं पांढरा गुलाब पुढें ठेवला. मी रंगाच्या पेटींतून पांढऱ्याची नळी उचलली, तोंच त्या म्हणाल्या, “गुरुजी, ती नळी पेटींतच राहूं द्या. पांढरा कागदाचा घ्यायचा, नळीचा नाहीं.” हें वाक्य मला तेव्हां कोडें वाटलें. पुढें त्यानेंच माझ्या टिपेचा निकाल लावला.

पांढरी पाकळी पांढरी कां दिसते हें प्रथम पाहिलें पाहिजे. तांबड्या गुलाबाच्या पेशींत तांबडें रंगद्रव्य असतें. पांढऱ्या गुलाबांत पांढरें असें द्रव्य नसतें. त्याच्या पेशींच्या मधल्या बारीक पोकळ्यांत हवा भरलेली असते, आणि पेशी व हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश आपटून चहूंकडे विखुरतो. तो विखुरलेला प्रकाश म्हणजेच पाकळीचा पांढरेपणा. पडताळा पाहावयाचा तर पाकळी चिमटींत धरून दाबावी. हवा निघून जाते व तेथें पाणचट, अर्धपारदर्शक डाग पडतो. कागदाचीही हीच गोष्ट. त्याच्या तंतूंमध्यें हवा असते म्हणून तो पांढरा. तेलाचा थेंब पडला कीं हवेची जागा तेल घेतें आणि कागद पारदर्शक होतो. तात्पर्य, पाकळी आणि कागद हीं दोन्हीं एकाच कारणानें पांढरीं आहेत. कोरा ठेवलेला कागद पाकळीच्या जागीं उभा राहतो तो नुसत्या सोयीनें नव्हे. दोहोंचें नातें स्वभावाचें आहे.

मग रंगवावयाचें काय? जें पांढरें नाहीं तें. बौद्ध नैयायिक दिङ्नागानें शब्दार्थाविषयीं अपोहाचा सिद्धान्त मांडिला: ‘गाय’ या शब्दाचा अर्थ म्हणजे जें जें गाय नव्हे त्याची व्यावृत्ति. हा सिद्धान्त शिकवितांना मला तो नेहमीं ओढूनताणून आणलेला वाटे. पांढरा गुलाब काढावयास बसल्यावर त्याचें मर्म हाताला कळलें. मागचें पान, पाकळीखालची सावली, गाभ्यांतील पिवळी झांक, देठाजवळचा हिरवट अंश, एवढें सगळें रंगवून झाल्यावर जें उरतें तें फूल.

काम प्रत्यक्षांत कसें चालतें तें सांगतों. पुण्याकडे थंडीच्या दिवसांत, दंव ओसरल्यावर, अर्धवट उमललेलें फूल कापून पाण्यांत ठेवावें. प्रथम फूलच काढावें, पानें मागाहून. कारण खोलींतील उबेनें गुलाब उमलत राहतो आणि तासाभरांत पाकळ्यांची मांडणी बदलते. माझें पहिलें चित्र याच कारणानें फसलें. डावी बाजू सकाळच्या फुलाची आणि उजवी दुपारच्या फुलाची झाली! कागद गुळगुळीत हवा. विलायती कागदांत, तापलेल्या धातूच्या पत्र्यांमध्यें दाबून काढलेला कागद या कामास घेतात. खरबरीत कागदावर पाकळीची कड तुटक येते. रेघ कठीण शिसपेन्सिलीनें काढावी व नंतर रबरानें पुसून जेमतेम दिसेल इतकीच ठेवावी. तांबड्या फुलाखालीं पेन्सिलीची रेघ लपून जाते. पांढऱ्या फुलास लपविण्याजोगें कांहीं नसतें, त्यामुळें आरंभींची प्रत्येक चूक शेवटपर्यंत दिसत राहते. प्रकाश डावीकडून वरून येतो असें धरण्याचा संकेत आहे. तो पाळला म्हणजे निरनिराळ्या चित्रांची तुलना करणें सोपें जातें.

सावलीचा रंग हा सर्व प्रकरणाचा गाभा. काळ्या रंगांत पाणी घालून करडा केला तर फूल मळक्या धोतरासारखें दिसतें. हें मीं करून पाहिलें आहे. करडा हा निळा व तांबडा यांच्या मिश्रणांतून काढावा लागतो. कोबाल्ट निळा, जो फ्रेंच रसायनज्ञ तेनार यानें इ. स. १८०२ मध्यें सिद्ध केला, आणि गेरूच्या जातीचा मातकट तांबडा यांचें पुष्कळ पाण्यांतील मिश्रण मोत्यासारखा करडा देतें. निळा अधिक घातला तर सावली थंड व दूरची वाटते, तांबडा अधिक घातला तर ऊबदार व जवळची. गुलाबांत दोन्ही लागतात. बाहेरच्या पाकळ्यांवर आकाशाचा प्रकाश पडतो म्हणून तेथील सावली निळसर असते. गाभ्याजवळ प्रकाश एका पाकळींतून गाळून दुसरीवर पडतो आणि पुन्हा पुन्हा परततो, म्हणून तेथील सावली पिवळसर व उबदार, जवळजवळ साईच्या रंगाची. ‘पांढऱ्या’ फुलांत डोळा स्थिर करून पाहिलें तर निळा, पिवळा, हिरवा आणि कधींकधीं गुलाबीही असे सर्व रंग सांपडतात. आपल्या कवींनीं यश आणि हास्य यांना पांढरें मानिलें, ज्यांना मुळांत रंगच नाहीं. चित्रकाराला पांढऱ्या वस्तूंत बाकीचे रंग शोधावे लागतात. असो.

रंगाचा हात सावलीच्या आंतल्या बाजूस द्यावा आणि लगेच स्वच्छ पाण्याचा कुंचला बाहेरच्या बाजूनें फिरवून कड विरवून टाकावी. वाळल्यावरच दुसरा हात. असे चार-पांच पातळ हात म्हणजे एक सावली. किती गडद करावें याचें माप बाईंनीं दिलें तें असें: डोळे अर्धवट मिटून पाहावें, पांढऱ्या फुलांतील सर्वांत गडद सावली हिरव्या पानावरील सर्वांत उजळ जागेपेक्षां उजळच असली पाहिजे. फुलाच्या अगदीं खोल फटी तेवढ्या या नियमाला अपवाद. बहुतेक नवशिक्यांचा गुलाब येथेंच बुडतो, कारण कोऱ्या कागदावर केलेली फिकट सावलीही प्रथम गडद भासते. म्हणून निदान एक पान आधीं पुरें रंगवून घ्यावें.

मोठी अडचण कडेची. पांढरी पाकळी पांढऱ्या कागदास जेथें मिळते तेथें दाखवावयाचें काय? पाकळीमागें पान येईल अशी डहाळी निवडणें हा पहिला उपाय. पानाचा गडद हिरवा रंग पाकळीच्या कडेपर्यंत आणून सोडला कीं पाकळी आपोआप पुढें येते. पान नसेल तेथें कडेच्या आंतून अत्यंत फिकट करड्याची धार द्यावी, आणि कांहीं ठिकाणीं कड चक्क हरवूं द्यावी. पाहणाऱ्याचा डोळा ती पुरी करतो. युरोपांत कांहींनीं ही अडचण पार्श्वभूमि काळी करून सोडविली. न्यूरेंबर्गची बार्बरा रेगिना डीट्श (१७०६–१७८३) गडद तपकिरी-काळ्या पार्श्वभूमीवर दाट रंगांनीं फुलें काढीत असे. मेरी डेलनी (१७००–१७८८) या इंग्रज बाईनें तर उतारवयांत रंगीत कागदाचे कपटे काळ्या कागदावर चिकटवून शेंकडों वनस्पति उभ्या केल्या. त्यांतील ९८५ ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. युक्ति देखणी आहे, पण ज्यास पाकळीच्या कडेची खरी जाडी पाहावयाची आहे त्यास काळी पार्श्वभूमि फसवूं शकते. काळ्यावर पांढरें असतें त्याहून मोठें दिसतें.

गुलाबाच्या निदलांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण पुढें त्यांचा उपयोग होणार आहे. फुलाखालीं हिरवी पांच निदलें असतात. जंगली गुलाबांत व पुष्कळ जुन्या बागायती गुलाबांत तीं एकसारखीं नसतात. युरोपांत यावर लॅटिन भाषेंतील एक जुनें कोडें आहे: पांच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाहीं, आणि पांचव्यास एकाच गालावर. कारण असें: कळी मिटलेली असतांना निदलें एकमेकांवर चढून बसतात. पहिल्या दोहोंच्या दोन्ही कडा बाहेर असतात, म्हणून त्यांना दोन्हीकडे झालरीसारखे फाटे फुटतात; शेवटच्या दोहोंच्या दोन्ही कडा झांकलेल्या, म्हणून त्या साध्या राहतात; आणि मधल्याची एक कड बाहेर व एक आंत, म्हणून त्याला अर्धी दाढी. कल्पनेनें काढणारा चित्रकार पांचही निदलें सारखीं काढतो. ज्यानें खरें फूल हातांत घेऊन पाहिलें त्याच्याच चित्रांत हा भेद उतरतो. चित्रकारानें निसर्ग पाहिला होता कीं दुसऱ्या चित्राची नक्कल केली, हें ओळखण्यास याहून सोपी खूण मला ठाऊक नाहीं.

या पद्धतीचें शिखर म्हणजे प्येर-जोझेफ रेदूते (१७५९–१८४०) याचा ‘ले रोझ’ हा ग्रंथ. तो १८१७ पासून १८२४ पर्यंत तीस भागांत पॅरिसला निघाला. वनस्पतिवर्णन क्लोद-आंत्वान तोरी याचें. यांतील सर्व गुलाब जोझेफिन राणीच्या मालमेसाँच्या बागेंतले, असें सरसकट सांगितलें जातें तें बरोबर नाहीं. राणी १८१४ सालींच वारली, आणि तोरीनें इतर बागांतील गुलाबांचींही वर्णनें दिलीं आहेत. रेदूते ज्यांच्यापासून शिकला ते फ्रान्सच्या राजसंग्रहासाठीं वासराच्या कमावलेल्या कातड्यावर चित्रें काढीत. तोही पुढें त्याच कामावर होता. कातडें हस्तिदंती पिवळट असल्यानें त्यावर पांढऱ्या फुलाचा तेज येण्यास अपारदर्शक पांढऱ्याचा आश्रय करणें ओघानेंच येई. रेदूतेचा कल मात्र पारदर्शक जलरंगाकडे होता. छापील पुस्तकांतही त्यानें तेंच साधलें. तांब्याचा पत्रा रेघांनीं न कोरतां बारीक टिंबांनीं कोरला, एकाच पत्र्यावर निरनिराळे रंग भरून ठसा घेतला, आणि शेवटीं हातानें जलरंग फिरविला. त्यांतील भरगच्च पाकळ्यांचा पांढरा गुलाब, ‘रोझा आल्बा’ या जातीचा, पाहावा. सावलींत करड्या टिंबांची दाटी, उजेडाकडे तीं विरळ होत जातात, आणि शेवटीं टिंबच नाहीं, नुसता कागद.

हें पाहतांना संस्कृताच्या विद्यार्थ्यास विष्णुधर्मोत्तराचें चित्रसूत्र आठवल्यावांचून राहत नाहीं. त्यांत वर्तनेचे, म्हणजे छायेचे, तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेघांची पत्रजा, अति सूक्ष्म अशी आहैरिका, आणि टिंबांची बिंदुजा. रेदूतेनें बिंदुवर्तनाच केली असें मी गंमतीनें म्हणतों. कोणीं कोणापासून घेतलें असा वाद येथें मुळींच उपस्थित करावयाचा नाहीं. सूक्ष्म छायेच्या गरजेनें दोन ठिकाणीं एकच युक्ति सुचूं शकते. तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पांढरा हा राखून ठेवावयाचा नसून लावावयाचा रंग होता. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं तिसऱ्या सोमेश्वरानें बाराव्या शतकांत रचिलेल्या मानसोल्लासांत पांढऱ्यासाठीं शंखाचें चूर्ण सांगितलें आहे. पुढें मोगल व त्यांच्या प्रभावाखालील कलमांत पांढरा म्हणजे मुख्यतः सफेदा, शिशापासून केलेला. जहांगीर बादशहाबरोबर १६२० साली काश्मीरास गेलेल्या मन्सूरनें शंभरांहून अधिक फुलें काढलीं असें खुद्द बादशहाच लिहितो, म्हणजे प्रत्यक्ष फूल पाहून काढण्याची दृष्टि येथें होतीच. परंतु कागदाचे थर चिकटवून, घोटून, त्यावर अस्तर देऊन जो पृष्ठभाग तयार करीत त्यावर पांढरी पाकळी बाभळीच्या डिंकांत कालविलेल्या सफेद्याच्या दाट हातानें उठविली जाई, आणि खारीच्या केसांच्या कलमानें तिच्यावर कड व छाया काढीत. ही रीत विलायती रीतीहून कमी प्रतीची नव्हे. जवळून पाहिलें तर अशी पाकळी कागदापासून किंचित् वर आलेली दिसते, आणि तिचा तेज कोऱ्या कागदास येत नाहीं.

पण सफेद्यास एक जन्मजात रोग आहे. शिसें गंधकाचा लोभी. हवेंतील गंधकयुक्त वायु, धूर, दिव्यांची काजळी, गटारांची वाफ यांच्या सान्निध्यांत पांढऱ्या सफेद्याचें काळें शिसें-गंधकित होतें. तेलरंगांत तेलाचें कवच असतें म्हणून हा विकार कमी. डिंकांतील जलरंगास तसें संरक्षण नाहीं. त्यामुळें जुन्या चित्रांत मोत्यांच्या माळा करड्या, जामे डागाळलेले व पांढरीं फुलें काळीं झालेलीं आढळतात. युरोपांतील जलरंगकारांनाही हा अनुभव आला होता. लंडनच्या विन्सर व न्यूटन यांनीं १८३४ सालीं जस्तापासून केलेला, न काळवंडणारा पांढरा जलरंग विक्रीस काढला, आणि त्यास ‘चायनीज व्हाइट’ असें नांव दिलें. चीनशीं त्याचा संबंध नांवापुरताच. टायटॅनियमचा पांढरा याहून पुष्कळ अलीकडचा. तो १९१६ च्या सुमारास प्रथम व्यापारी प्रमाणावर तयार होऊं लागला. म्हणून पांढरा रंग हा कालनिर्णयाचें साधन होऊं शकतो. अतिनील प्रकाशाखालीं जस्ताचा पांढरा हिरवट-पिवळा उजळतो, टायटॅनियमचा गडद राहतो. आणि क्ष-किरणांच्या साहाय्यानें, चित्राचा कणही न काढतां, त्यांत शिसें आहे कीं जस्त हें सांगतां येतें. अठराव्या शतकाच्या म्हणून दाखविल्या जाणाऱ्या चित्रांत टायटॅनियम सांपडलें तर निदान तेवढा भाग मागाहूनचा, हें निश्चित.

पुण्यापुरतें बोलावयाचें तर येथें एका काळीं दोन्ही पांढरे शेजारीं शेजारीं नांदत होते. सर चार्ल्स मॅलेट रेसिडेंट असतांना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्यें येथें आला, त्यानें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं चित्रें काढलीं, आणि गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या कलावंतानें त्यांच्याकडे काम केलें. कोऱ्या विलायती कागदावर पातळ जलरंग वापरण्याची रीत अशा मार्गांनीं येथें रुजली. पुढें दापोडीच्या सरकारी वनस्पति-उद्यानांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन यानें १८४७ ते १८५० या काळांत एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकाराकडून सुमारें १७० वनस्पतिचित्रें काढविलीं. तीं एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानांत सुरक्षित आहेत, आणि २००२ सालीं हेन्री नोल्टी यांनीं तीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. चित्रांतील प्रत्येक रोपट्याचें नांव लॅटिन भाषेंत नोंदलें गेलें, चित्रकाराचें मात्र नोंदलें गेलें नाहीं. हें लिहितांना मला माझ्याच यादीची आठवण होते. तींतही चित्रकाराच्या नांवापुढें रेघ आहे.

आतां त्या सरदाराच्या चित्राकडे वळूं. रंगाऱ्याचा हात फिरण्यापूर्वीं मीं घेतलेलें छायाचित्र माझ्या दप्तरांत होतें. बाईंकडील धड्यांनंतर तें भिंगाखालीं पुन्हा पाहिलें. तीन गोष्टी दिसल्या, ज्या पूर्वीं डोळ्यांसमोर असूनही मला दिसल्या नव्हत्या. पहिली, गळ्यांतील मोत्यांचा कंठा. त्यांतील कित्येक मोतीं फुलाइतकींच काळीं आहेत. काळ्या मोत्यांचा कंठा कोणीं घातला होता असें मीं कोठें लिहिलें नव्हतें. मग काळें फूल कसें लिहिलें? मोत्यांस जें झालें तेंच फुलास झालें. दुसरी, काळेपणाची तऱ्हा. चित्रकाराची सावली पाकळीच्या वळणाबरोबर जाते. हा काळेपणा पाकळीच्या आकाराची पर्वा न करितां डागाडागांनीं पसरला आहे, आणि आंतल्या दोन पाकळ्यांच्या कडांस मूळचा पांढरा अजून शिल्लक आहे. तिसरी, निदलें. फूल बाजूनें काढलेलें असल्यानें तीनच दिसतात: एकास दोन्हीकडे फाटे, एकास एकाच बाजूस, आणि एक साधें. ज्यानें हें काढलें त्यानें खरा गुलाब हातांत धरून पाहिला होता. पानेंही पांच-पांच पर्णिकांचीं व करवती कडेचीं आहेत. तेव्हां फूल गुलाबाचें याविषयीं संशय उरत नाहीं, आणि खराखुरा काळा गुलाब कोठेंच उगवत नसल्यामुळें रंगाविषयींही उरत नाहीं. उत्तरेकडे पांढऱ्या गुलाबास सेवती म्हणतात. आपल्या शेवंतीशीं त्याचा घोंटाळा करूं नये. ‘गुलाब’ हा शब्दही मूळ फारशींत फुलाचा नसून फुलाच्या पाण्याचा आहे. यावरून ‘गुलाबपाणी’ या शब्दांत पाणी दोनदां आलें आहे, हें वर्गांत सांगितलें कीं मुलें हंसत.

यादी करणाऱ्यांच्या उपयोगासाठीं दोन सूचना कराव्याशा वाटतात. जुन्या चित्रांतील काळसर जागेचें वर्णन करितांना ‘काळें’ असें न लिहितां ‘सांप्रत काळसर दिसणारें’ असें लिहावें, आणि त्याच चित्रांतील मोतीं, दांत, डोळ्यांचा पांढरा भाग व शुभ्र वस्त्रें कोणत्या रंगाचीं दिसतात याची नोंद शेजारीं करावी. चित्र तिरप्या उजेडांत धरून पाहावें. रंग कागदावर उठून आलेला असेल तर तेथें पांढरा लावलेला होता, राखलेला नव्हता. काळवंडलेला सफेदा कांहीं रासायनिक उपचारांनीं पुन्हा पांढरा होऊं शकतो हें खरें, परंतु तें काम प्रशिक्षित संरक्षकाचें आहे. मालकानें किंवा यादी करणाऱ्यानें कापूस घेऊन त्यास हात लावूं नये, आणि रंगाऱ्यास तर मुळींच बोलावूं नये.

घराण्यांतील मंडळींना मीं हें सर्व जाऊन सांगितलें. थोरल्या काकूंनीं चित्र भिंतीवरून उतरवून मांडीवर घेतलें, पदरानें कांच पुसली, आणि “म्हणजे आतां हें तांबडें फूल काढतां यायचें का?” एवढेंच विचारलें. वरचा तांबडा थर काढतांना खालील सफेदा टिकेल कीं नाहीं हें संरक्षकानें तपासल्यावांचून सांगतां येणार नाहीं, असें मला उत्तर द्यावें लागलें. चित्र तपासणीस पाठविण्यास त्यांनीं संमति दिली आहे.

तोंवर पूर्वीच्या यादींतील ‘उजव्या हातांत कृष्णवर्ण पुष्प’ हे शब्द रद्द समजून त्यांच्या जागीं पुढील मजकूर वाचावा: ‘उजव्या हातांत गुलाबपुष्प, मूळ श्वेत, सफेदा काळवंडल्यामुळें यादीच्या वेळीं काळसर दिसत असलेलें, तदनंतर तांबड्या रंगानें झांकलेलें, निदलें व पर्णें मूळचीं.’ मृताच्या स्मरणाविषयींची टीप संपूर्ण गाळावी. रंगविण्यापूर्वींच्या छायाचित्राची एक प्रत या मजकुरासह मंडळाच्या दप्तरांत ठेवण्यास दिली आहे.